खोटा ताप

शेवंतीबाई उत्तनहून दोन रिक्षा बदलून मीरा रोडच्या त्या प्रयोगशाळेत पोचल्या आणि हातातली पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, "कुठं हायत ते?"

चूक तिथे संशोधन करणाऱ्या संपदाची होती. शेवंतीबाईंनी नवऱ्याचं, बाबाजींचं, यकृत संशोधनाला दिल्याबद्दल आभार मानायला तिने फोन केला आणि उत्साहाच्या भरात बोलून गेली, "मावशी, काकांच्या पेशी अजून जिवंत आहेत." असं कुणी विधवा बाईला सांगतं का? पण संपदाचा दिवस पेशींबरोबर जायचा, माणसांशी बोलायची सवय सुटली होती.

बाबाजी बोटीवर पडले आणि डोक्याला मार लागून गेले. त्यांचं यकृत दुसऱ्या कुणाला बसवण्याजोगं नव्हतं. ते इथे द्यायला सही केली ती शेवंतीबाईंनीच.

"दहाव्याला कावळा शिवला न्हाय, बाय," त्या म्हणाल्या. "मासळी सुकत घातली की मेल्यांना हाकलून हात दुखतात. त्या दिवशी एक फिरकला न्हाय. ह्यांचं कायतरी अडकलंय, एवढं कळलं. कुठं, ते तुझ्या फोननं कळलं."

संपदाने त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. काळोखात हिरवे ठिपके पेटलेले होते.

"शरीरात जखम झाली, ताप आला, की यकृताला निरोप जातो," ती समजावू लागली. "मग पेशीतली काही प्रथिनं तिच्या गाभ्यात शिरतात. रोजची कामं कमी करायला लावतात, संकटाची सुरू करतात. ती गाभ्यात गेली की असं हिरवं दिसतं."

"मंग आता कुणाला ताप आलाय?"

"कुणालाच नाही. तो निरोप मीच बाटलीतून घातलाय, मघाशी."

"म्हंजे खोटा."

संपदाने ती बाटली बाजूला सरकवली.

"आनि हे खरं समजून धावतायत."

संपदा रोज हे ठिपके बघायची. आज पहिल्यांदाच तिला त्यांची भीती वाटली. ज्याला वाचवायचं ते शरीर केव्हाच जळून गेलं होतं.

शेवंतीबाई भिंगाखालच्या, झाकण लावलेल्या पेशींच्या थाळीवर वाकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अवो, ताप उतरला. पोर खेळतेय अंगणात. निजा आता."

संपदाने भिंगाला डोळा लावला. हिरवं ओसरत होतं. पेशी हा गजर आपल्या आपण आवरतात, हे तिला ठाऊक होतं. पण त्याला तासन्‌तास लागतात. निरोप धुऊन काढायचं द्रावण तर अजून बाटलीतच होतं, सीलसुद्धा न फोडलेलं.

"निजले?" शेवंतीबाईंनी विचारलं.

संपदाने होकारार्थी मान हलवली.

"पोरीला ताप आला की असंच करायचे. मी सांगितल्याबिगर पाठ टेकायचे न्हाय." त्यांनी पदराने डोळे टिपले, पिशवी उचलली. दाराशी जाऊन मात्र थांबल्या. "आता पुरते निजले ना, बाय? का अजून कुठं हायत?"

कोपऱ्यात पेशी गोठवून जपायचं पिंप होतं. बाबाजींच्या पेशींच्या नळ्या त्यात रांगेने उभ्या होत्या, पुढच्या कितीतरी प्रयोगांना पुरतील इतक्या.

"पुरते निजले, मावशी," संपदा म्हणाली.

शेवंतीबाई समाधानाने जिना उतरल्या. पिंपाच्या झाकणाखालून पांढरी वाफ हळूहळू बाहेर येत होती, आत कुणीतरी श्वास सोडावा तशी.