देवघर भाड्याने

या मायबाप, जवळ सरकून बसा, एका देवघराची गोष्ट सांगतो.

भाड्याच्या खोल्यांना नगरपालिकेचा परवाना सक्तीचा झाला आणि तपासनीस गोदाक्काच्या दारी आले. मागच्या अंधाऱ्या खोलीत भाडेकरू शेवंता होती, चार दिवसांची बाळंतीण.

"खिडकी नाही, तर परवाना नाही. आजच खोली रिकामी करा."

शेवंताने बाळ छातीशी धरलं. जायला तिला माहेर नव्हतं.

"माझ्या घरात खिडकी आहे की," गोदाक्का म्हणाली. तिने देवघर उघडलं, सगळे देव पदरात घेतले आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर नेऊन बसवले. "हिचं बिऱ्हाड आता इथे."

"वहिनी, वेड लागलं का? देवघरात बाळंतीण?" दीर ओरडला. "विटाळ होईल देवाला!"

"भावोजी, माझा बाळकृष्ण काय आभाळातून पडला? त्याची आईसुद्धा बंदिखान्याच्या अंधारातच बाळंत झाली. तिला नाही मिळाली खिडकी, हिला मी देणार. सरका, खाट आत घेऊ द्या!"

दीर सरकला. तपासनीसांनी बूट काढून खिडकी पाहिली आणि परवान्यावर सही केली.

मायबाप, घरातली उजेडाची खोली कुणाला द्यायची हे ठरवाल, तेव्हा आमच्या गोदाक्काला आठवा.