कडेचा खड्डा

परदेशात पुरातत्त्व शिकायला येऊन तिला काही आठवडेच झाले होते. सरावाच्या उत्खननात तिच्या वाट्याला सगळ्यात कडेचा खड्डा आला. शेजारच्या मुलाला मणी सापडले, पलीकडच्या मुलीला तर अख्खी चूल. हिचा खड्डा खोल खोल जात राहिला, पण हाती नुसती माती. वर्गातली मुलं तिला गमतीने 'विहीरवाली' म्हणायला लागली.

"बुजवून टाक हा," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "उद्यापासून चुलीपाशी मदतीला जा. तिथे शिकायला तरी मिळेल."

"तळ लागू दे, बाई. अर्धवट सोडून मी हलणार नाही."

बाईंनी कपाळावर हात मारला, पण आठवडा संपेपर्यंत मुदत दिली.

तळहातांना फोड आले, तरी ती खणत राहिली. शेवटी घट्ट, पिवळी माती लागली. बाई खाली उतरल्या, चारही बाजू निरखून म्हणाल्या, "राख नाही, खापराचा तुकडा नाही. इथे कधी कुणी राहिलेलंच नाही गं."

तिला रडू फुटणार होतं. तेवढ्यात तिची नजर शेजारच्या खड्ड्याकडे गेली. "म्हणजे बाई, वस्ती तिथपर्यंतच होती?"

बाई खड्ड्यातून वर आल्या. मग त्यांनी नकाशा मागवला आणि पेन्सिल तिच्याच हातात दिली.

संध्याकाळी आईचा फोन आला. "सगळ्यांना काही ना काही मिळालं म्हणतेस. आणि तुला गं?"

"मला गावाची वेस मिळाली, आई."