शनिवारचा अलार्म

"अलार्म आला होता. तू झोपला होतास. विषय संपला."

"नव्हता आला, सर. हा घ्या फोन, बघा."

आशयने फोन टेबलावर आपटला. मिलिंद सरांनी त्याला हातही लावला नाही. "डिलीट करायला काय लागतं," म्हणाले.

खाली भोपाळच्या एमपी नगरात हॉर्नचा कल्ला. वर केबिनमधे तिघं आणि एक लॅपटॉप. शनिवारी मंडीदीपच्या औषध गोदामाचं बिलिंग अर्धा दिवस बंद होतं. गाड्या भरून उभ्या, बिलं निघेनात. आता गोदामवाल्यांना एक नाव हवं होतं, चूक कुणाची. ज्याचं नाव जाईल त्याला भोपाळमधे परत कामावर कोण ठेवणार?

बिलिंगचं सॉफ्टवेअर यांच्याच ऑफिसचं. ते छोट्या-छोट्या कंटेनरमधे, म्हणजे सर्व्हरवरच्या वेगवेगळ्या कप्प्यांत चालायचं. एक जरी बंद पडला तर लगेच आशयच्या फोनवर अलार्म यायला हवा होता. हा पहारा त्याने आणि सुभाषकाकांनी मिळून बसवलेला. काका ऑफिसात सगळ्यांत जुने. पहारा बसवल्यापासून अलार्म एकदाही आला नाही. सर सगळीकडे सांगत फिरायचे, आमच्याकडे काही बंद पडतच नाही. आशयला तेव्हाच खटकायला हवं होतं. असं कुठं असतं? इंद्रपुरीत त्याच्या घरचा मिक्सरपण अधूनमधून बंद पडतो.

"मान्य करून टाक रे बाळा," सुभाषकाका हळूच म्हणाले. "चार दिवसांत विसरतात लोक. मी इथे असतो तर सांभाळून घेतलं असतं. नेमका भाचीच्या साखरपुड्याला उज्जैनला होतो."

"तुम्ही कसं सांभाळलं असतं, काका? अलार्म तर मला येतो ना?"

काका पाणी प्यायला लागले. ग्लासात पाणी नव्हतंच.

आशयने लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"ए, काय करतोयस?" सर उठले.

"टेस्टिंगचा एक कंटेनर बंद करतोय. कुणी वापरत नाही तो. पण पहारा त्याच्यावरपण आहे. बघू तर खरं, अलार्म येतो का."

एंटर दाबलं. टेबलावरचा फोन गप्प.

आशय फोनकडे बघतच नव्हता. तो सरांकडे बघत होता. आणि सर बघत होते सुभाषकाकांच्या शर्टाच्या खिशाकडे.

मग तो खिसा वाजायला लागला.

काकांनी वरून हात दाबून धरला. आवाज थांबेना. म्हणजे अलार्म इतके महिने येतच होते. काकांना. आणि ते गुपचूप सगळं परत चालू करत होते. शनिवारी तेवढे उज्जैनला अडकले.

आशयने आपला फोन उचलला.

"बस खाली," सर म्हणाले. आवाज एकदम गोड. "बसून बोलू ना, यार."

"त्यांना एक नाव हवं होतं ना सर, दोन देतो. निघायला हवं आता, मंडीदीपची बस जाईल."