कच्चा टाका

“भंगारात काढू ती केबिन,” नवरा म्हणाला. सासऱ्यांनी तीस वर्षं चालवलेल्या ट्रकची केबिन गंजून चाळणी झाली होती, तरी ते रोज तिच्यात बसायचे. मी शिलाई मशीन झाकून नाक्यावरच्या वेल्डरकडे वेल्डिंग शिकायला लागले. महिनाभर पातळ पत्रा जाळून मी भोकं बुजवण्याऐवजी वाढवलीच. “वहिनी, हे कापड नाही,” वेल्डर हसायचा. शेवटी माझी सटकली. कापडच समजते, म्हटलं! पातळ कापड एका दमात शिवलं की चुण्या पडतात. आधी लांब लांब कच्चे टाके घालायचे. पत्र्यालाही तसेच टाके मारले, मग मधली जागा भरली. वेल्डरने हातोडा हाणला. सांधा तसूभर हलला नाही. त्याने हातोडा खाली ठेवला. आजवर कुणाला स्टिअरिंगला हात लावू न देणारे सासरे केबिनमध्ये चढले, ड्रायव्हरची सीट रुमालाने पुसून पलीकडे सरकले. “बस, सूनबाई. आज क्लीनर मी.”