वेगळी अर्थिंग

वाटणीच्या पाण्यातला एक पेला दिनकर टिळेकर रोज रेडिओच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतायचा. मिरजेला असताना तो मीठ-कोळसा घालून बादलीभर ओतायचा, तीच सवय.

"अहो, मंगळाची माती आहे ही. कितीही पाजा, कोरडीच राहणार," शालन म्हणायची.

घराच्या लोखंडी भिंतीला रेडिओ जोडणारी तांब्याची पट्टी त्यानेच काढून ठेवली होती. पट्टी असली की हवेच्या पंपाची घरघर रेडिओत शिरायची आणि पृथ्वीवरचे आवाज बुडायचे. रेडिओची अर्थिंग वेगळीच हवी, असा त्याचा चाळीस वर्षांचा हट्ट.

परवा धुळीचं वादळ उठलं. रेडिओ बंद करायला शालनने एक हात बटणावर ठेवला, दुसरा भिंतीला टेकवला. एरियलवर साचलेली सगळी वीज पट्टीऐवजी तिच्या अंगातून भिंतीत गेली.

आज चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंना ती पट्टी टेबलाच्या खणात सापडली.

"हातभर तांबं, काका," त्या एवढंच बोलल्या. जाताना त्यांनी दारात एक कॅन ठेवला. "काकूंच्या वाटणीचं पाणी. महिनाअखेरपर्यंत येत राहील, तसा नियम आहे."

दिनकरने पट्टी जोडली. रेडिओ घरघरू लागला. मग त्याने शालनचा कॅन उचलला आणि अख्खा खड्ड्यात ओतला.

माती कोरडीच राहिली.