उद्यापनाआधीचं देणं

वसुलीवाल्या नागेशनं चपला दाराबाहेर काढल्या, आणि तिथंच रुख्मिणीचा अर्धा राग उतरला.

आधीचे वसुलीवाले चपलांसकट आत शिरायचे. बोलायचे तेही असं, की सिंदी मेघेची अर्धी गल्ली दारात यायची. या माणसानं मात्र आल्याआल्या देवघराकडं पाहून हात जोडले.

"काकू, जरासं पाणी द्या. उन्हानं जीव गेला."

तिनं पाण्यासोबत गुळाचा खडा दिला. वैऱ्यालाही कोरडं पाणी देऊ नये.

क्रेडिट कार्ड तिच्याच नावाचं होतं. घर तिच्या वडिलांनी तिच्या नावावर केलेलं. बँकेच्या माणसानं घरटॅक्सची पावती पाहिली आणि कार्ड तिला दिलं. वापरलं तिच्या नवऱ्यानं, हिरालालनं. त्यावर त्यानं दुकानात कॅसेटचा माल भरला. पुढच्याच वर्षी वर्ध्याच्या बसस्टँडवर वीस रुपयांत दीडशे गाण्यांची सीडी मिळू लागली. कॅसेटवर धूळ बसली, दुकानावर माशा. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात हिरालालनं हप्ते भरणं थांबवलं. दुकानही गेलं. तेव्हापासून साठ हजारांचे दीड लाख होऊन गेले होते.

"कोणी आलं तं दारातूनच वापस लावजो," तो तिला सांगायचा. "एक पैसा द्याचा नाई."

"काऊन? घेतले तं आपणच ना?"

"नाई म्हणलं ना. बस."

एवढंच. माणूस बेइमान झाला, असं तिनं मनाशी समजून घेतलं. देवापुढं त्याच्यासाठी एक वात जास्तीची लावू लागली.

"काकू," नागेश पेला खाली ठेवत म्हणाला, "मी काही सगळे मागून नाई राह्यलो. पाचशे एक द्या. नियत दिसली पाह्यजे. मंग साहेबाले सांगून व्याज कमी करतो."

"ह्यायले विचारा लागते."

"काका चिडतीन. अन् कार्ड तुमचं, देणंही तुमचंच ना, काकू?"

ते वाक्य तिला लागलं.

तिच्या एकवीस संकष्ट्या होऊन चार महिने झाले होते. केळझरच्या गणपतीला जाऊन उद्यापन करायचं राहिलं होतं. आई म्हणायची, देणं अंगावर ठेवून उद्यापन केलं तर पुण्य सावकाराच्या दारी निघून जातं. सगळं फेडणं तर या जन्मी दिसत नव्हतं. पण फेडायला सुरुवात तरी केली, असं देवाला सांगता आलं असतं.

साड्यांच्या फॉल-पिकोचे पैसे ती तांदळाच्या डब्यात ठेवायची. तिनं पाचशे रुपये मोजले, वर एक रुपया ठेवला.

नागेशनं कागद पुढं केला. "कार्डाच्या देण्यापैकी दिले, असं लिवलं हाये. खाली सही करा. तारीखही तुमच्याच हातानं टाका, काकू."

तिनं गणपतीचं नाव घेऊन सही केली. नागेशनं तारीख नीट वाचली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि वाकून तिच्या पाया पडला. तिला भरून आलं. तीन वर्षांत त्या दारात कोणी माणसासारखं वागलं नव्हतं.

दहाव्या दिवशी हिरालाल भरदुपारी घरी आला. दाढी केलेली, हातात पेढ्यांचा पुडा.

"देवापुढं ठेव," तो म्हणाला. तो हसत होता. हसताना त्याचा चेहरा कसा दिसतो, हे ती विसरून गेली होती.

आता सांगून टाकावं, तिला वाटलं. चिडला तरी आज फार चिडणार नाही.

"अहो, मले तुमाले एक सांगाचं हाये."

"थांब, आधी माह्यं ऐक. वकील वासुदेवरावनं तवाच सांगतलं होतं. शेवटचा हप्ता भरला तेथून तीन वर्षांत बँकेनं दावा नाई टाकला, तं मंग त्यायचं कोर्टात काही चालत नाई. घराले हात लागत नाई. काल तीन वर्षं झाले, रुख्मिणी! आत्ता कोर्टात पाहून आलो. दावा नाई."

तिनं पुडा देवापुढं ठेवला.

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुह्यानं खोटं बोलणं होते का? कोणी दारात विचारलं असतं तं सारं सांगून मोकळी झाली असती." त्यानं एक पेढा उचलून तिच्या हातावर ठेवला. "अन् भेव एकाच गोष्टीचं होतं. मुदतीच्या आत तुह्या सहीनिशी एक रुपया जरी भरल्या गेला असता, तं त्या दिवसापासून तीन वर्षं पुन्हा नव्यानं सुरू."