नागपूरला कसं जायचं

विमानाने जायचं नाही, असं मनुबाईने पुन्हा सांगितलं तेव्हा प्रणितने हातातला मोबाईल टेबलावर उलटा ठेवला. नागपूरला त्याच्या थोरल्या भावाच्या, गोविंदाच्या मुलीचा साखरपुडा होता. मानपाड्याहून गाडीने निघालं तर अख्खा दिवस जाणार. शीळफाट्यावरून नव्या विमानतळावर गेलं की दुपारच्या जेवणाला नागपूर. आईंच्या गुडघ्यांना तेच बरं, असं सून दक्षताही म्हणाली.

मनुबाईला गुडघ्यांची ही काळजी पटेना. प्रणितला गाडी चालवायचं केवढं वेड. मागच्या वर्षी सगळे नको म्हणत असताना त्याने गाडी थेट गोव्याला नेली होती. वागळे इस्टेटमधल्या कंपनीला सुट्टी असली की तो सकाळी आधी गाडी धुवायचा. तोच मुलगा आता म्हणत होता, एवढं कोण चालवत बसणार.

पावसाळा सरता सरता तिच्या हातून एक चूक झाली होती. दोघं कामावर गेल्यावर ती घरात एकटीच असायची. त्या दिवशी दूध तापत ठेवून ती खाली मासळीवालीशी बोलायला गेली आणि तिथेच रमली. स्वयंपाकघर धुराने भरलं. ओढून घेतलेलं दार शेजारच्या परशुरामला तोडावं लागलं. तिला कोणी रागावलं नाही. पण तेव्हापासून नवराबायको खोलीचं दार लावून बोलू लागले. गोविंदाचे फोन वाढले. ती जवळ आली की प्रणितचा आवाज बदलायचा आणि विषय साखरपुड्यावर यायचा.

मग बॅग आली. मोठी, चाकांची. दक्षताने तिच्यात मनुबाईची झाडून सगळी लुगडी भरली, शाल भरली, औषधांची अख्खी पिशवी भरली. चार दिवसांसाठी एवढं कशाला, असं विचारलं तर म्हणाली, तिकडची हवा वेगळी असते. सून कामावर गेल्यावर मनुबाईने दोन लुगडी काढून परत कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही पुन्हा बॅगेत होती.

रविवारी प्रणित तिच्याजवळ येऊन बसला. तिकिटं काढून झाली होती. खिडकीजवळची जागा घेतलीय, वरून खाडीसुद्धा दिसेल, घाबरण्यासारखं काही नसतं, असं तो समजावत राहिला.

मनुबाई मोठागावच्या खाडीकाठी वाढली होती. भरतीच्या पाण्यात नवऱ्याच्या होडीतून पलीकडे जाऊन तिने मासळी विकली होती. घाबरण्यासारखं तिला काही वाटलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मुलाकडे न वळताच बोलली.

"मी घाबरत नाय. पन इमानातून रस्ता दिसत नाय रे. गारीन गेलो तं मी वाट बघून ठेवीन. तुम्ही मना तिकरंच ठेवली, तं मी परत कशी येऊ?"

प्रणितने तोंड उघडलं. काहीतरीच काय बोलतेस, एवढंच म्हणायचं होतं. ते त्याला म्हणता येईना. दारात उभ्या असलेल्या दक्षताने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मग तो म्हणाला, "गाडीनेच जाऊ, आई. तू पुढे बस, माझ्या शेजारी."

मनुबाईचा चेहरा उजळला. आपण उगाच पोरावर संशय घेतला, असं तिला वाटलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवून ती चहा टाकायला उठली.

प्रणितने मोबाईल उचलला आणि गॅलरीत जाऊन तिकिटं रद्द केली. जातानाची तीन होती. येतानाची दोन.